चिखल, धुणे आणि वुजूची जागा

परभणीचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना काळ्या मातीबद्दल वेगळे सांगायला नको. गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातली ही जमीन ओलावा धरून ठेवते, म्हणून कापसाला आणि सोयाबीनला मानवते. पण हीच माती ओली झाली की चपलेला असा थर धरते की पाय उचलत नाही. शेतातून, शाळेतून, बाजारातून ती आमच्या घरात येते आणि थेट दाराआतल्या दालनात उतरते.

आम्ही दोघी जावा. घरात अम्मी-अब्बा, आमचे दोघींचे संसार आणि पाच मुले, अशी 11 माणसे. दारातून आत आले की 6 फूट रुंद आणि 11 फूट लांब दालान लागते. घर बांधले तेव्हा ते मोकळे होते. पुढे एका कोपऱ्यात मोरी झाली. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून 200 लिटरचा ड्रम आला. मग धुण्याचे मशीन आले. चपला, रेनकोट, दप्तरे, शेतातले खुरपे, मळक्या कपड्यांचा ढीग, सगळे तिथेच. आणि त्याच मोरीवर घरातल्या सगळ्यांचा वुजू.

गेल्या पावसाळ्यात अम्मी फजरच्या वुजूसाठी उठल्या आणि त्या दालनात घसरल्या. शहाबादी फरशी, तिच्यावर चिखलाचे पाणी आणि अंधारात वाटेत पडलेली चप्पल. मनगटाचे हाड मोडले. 6 आठवडे प्लास्टर होते. हात बरा झाला, पण भीती गेली नाही. पहाटे कोणी उठेपर्यंत त्या पलंगावर बसून राहू लागल्या. सुनांची झोप मोडायची नाही आणि नमाजेची वेळही टळू द्यायची नाही, अशा ओढाताणीत. हे आम्हाला कळले तेव्हा फार वाईट वाटले. जागा लहान आहे म्हणून आम्ही इतकी वर्षे गप्प होतो. खरे तर जागेपेक्षा आमची सवय जास्त चुकत होती.

आधी सगळे बाहेर

एका रविवारी दालनातली एकूण एक वस्तू अंगणात काढली. 23 जोड चपला-बूट निघाले. त्यांतले 8 कोणाच्याच पायात बसत नव्हते. तुटक्या छत्र्या, रिकामे डबे, मागच्या वर्षीच्या वह्या. चांगले होते ते गरजूंना दिले, बाकीचे भंगारात घातले. नवे कपाट घेण्याचा विचार तिथेच मागे पडला.

मग मोकळ्या दालनाचे खडूने तीन भाग केले. दाराजवळचा भाग चिखलाचा, मधला कोरडा, आतला धुण्याचा आणि पाण्याचा. वुजूची जागा मात्र या तिन्हींपासून वेगळी असावी, असे अब्बांनी सुचवले. पाकीला ईमानाचा निम्मा हिस्सा मानणारी आपण माणसे, आणि ज्या जागी चिखलाचे बूट खंगाळतो तिथेच वुजूला बसतो, हे त्यांना खटकत होते. मोरीच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीलगत, 2 फुटांची जागा निघाली. तिथे एक ठेंगणा पण भक्कम स्टूल, भिंतीत धरायला लोखंडी दांडी, खाली खरबरीत फरशी आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा, एवढेच केले.

चिखल धुवायचा नाही, वाळवायचा

आमची सर्वांत मोठी चूक ही होती की ओला चिखल लगेच पाण्याने धुवायचा. काळी माती चिकण असते. ती पाण्याबरोबर मोरीच्या पाइपात जाऊन बसते आणि दर पंधरवड्याला मोरी तुंबते. आता दाराबाहेर एक लोखंडी पट्टी रोवली आहे, तिच्यावर तळवे खरवडायचे. आत आल्यावर बूट पोत्यावर उभे करायचे. वाळलेली माती दुसऱ्या दिवशी ब्रशने झटकली की पापुद्र्यासारखी निघते. ती कुंड्यांत जाते. कपड्यांवरच्या चिखलालाही हाच नियम. आधी वाळवा, मग झटका, मग भिजवा.

खुंट्या दोन उंचीवर ठोकल्या. मोठ्यांच्या वर, मुलांच्या 3 फुटांवर. आधी मुलांचा हात खुंटीला पोहोचत नव्हता, म्हणून रेनकोट जमिनीवर पडत. यात मुलांचा दोष नव्हता.

तीन बादल्या

मळक्या कपड्यांचा एकच ढीग आम्ही बंद केला. आता तीन बादल्या आहेत. पहिली रोजच्या कपड्यांची, दुसरी चिखलाच्या कपड्यांची, आणि तिसरी झाकणाची लाल बादली नापाक कपड्यांची. लहान बाळाची दुपटी, रक्त लागलेले कपडे तिच्यात जातात. ते मशीनमध्ये टाकण्याआधी वेगळे धुऊन, तीनदा पाणी घेऊन, प्रत्येक वेळी पिळून काढतो. रक्ताचा डाग थंड पाण्याने काढावा, गरम पाण्याने तो पक्का बसतो. पाकीच्या बाबतीत काही शंका राहिली तर आपल्या मोहल्ल्यातल्या आलिमांना विचारून घ्यावे. मनात वसवसा ठेवून पुन्हा पुन्हा धूत बसू नये.

आमच्याकडे बोअरचे पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही आणि कपड्यांवर पांढरी भुकटी राहते. पाण्यात आधी थोडा धुण्याचा सोडा विरघळवून मग पावडर टाकली की कमी पावडरीत काम होते. लोकरी आणि रेशमी कपड्यांना मात्र सोडा लावू नये.

पाणी आणि पाठ

15 लिटरची बादली म्हणजे 15 किलो वजन. धुण्याच्या दिवशी आम्ही 10 बादल्या उचलत होतो, म्हणजे दीडशे किलो. पाठदुखीचे कारण शोधायला दूर जायची गरज नव्हती. आता ड्रम विटांच्या 2 फूट उंच ओट्यावर आहे. खाली तोटी बसवली आणि तिथून नळी थेट मशीनमध्ये सोडली. ओटा पक्का बांधून घ्यावा, कारण भरलेला ड्रम 200 किलोंच्या वर जातो. मशीनचा प्लग छातीच्या उंचीवर नेला आणि अर्थिंग तपासून घेतले. ओल्या फरशीवर अनवाणी पायाने मशीन हाताळणाऱ्या घरांत हे काम पुढे ढकलू नये.

शेवटच्या खंगाळणीचे पाणी चिखलाचे कपडे भिजवायला वापरतो. लाल बादलीचे पाणी कुठेच वापरत नाही. वुजूचे पाणी खालच्या घमेल्यात जमा होऊन झाडांना जाते. पैगंबर मुहम्मद (स.) एक मुद, म्हणजे सुमारे भरल्या ओंजळीएवढ्या पाण्यात वुजू करत, असे हदीसमध्ये येते. आमच्या घरात तोटी सोडून एका वुजूला अर्धी बादली जात होती. आता प्रत्येकाने बधना भरून घ्यायचा, असे ठरले आहे.

काम कोणाचे?

एवढे करूनही पहिल्या आठवड्यात दालान पुन्हा भरले. खुंट्या होत्या, पण रेनकोट आम्हीच उचलत होतो. बुटांची माती आम्हीच झटकत होतो. एका संध्याकाळी अब्बा काही न बोलता पोत्यापाशी बसले आणि आपल्या चपला झटकू लागले. दोन्ही मुलगे धावले, "अब्बा, राहू द्या." तेव्हा त्यांनी सांगितले, की पैगंबर (स.) आपली पादत्राणे स्वतः दुरुस्त करत, कपडा स्वतः शिवत आणि घरकामात हातभार लावत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. मग म्हणाले, "सुन्नत फक्त मशिदीत पाळायची नसते." त्या दिवसापासून घरातले पुरुष आपले बूट आपण साफ करतात.

मुलांसाठीही नियम केला. सात वर्षांचे मूल झाले की त्याला नमाजेची सवय लावायची असते. त्याच वयापासून आपले कपडे योग्य बादलीत टाकायचे आणि वाळलेल्या कपड्यांतून आपले उचलून घडी करायचे. घड्या वाकड्या येतात. आम्ही त्या पुन्हा घालत नाही.

फेब्रुवारीत हजरत तुराबुल हक यांच्या उर्साला पाहुणे आले तेव्हा या व्यवस्थेची परीक्षा झाली. दोन दिवस दारात चपलांचा ढीग होता, दोऱ्या कपड्यांनी वाकल्या होत्या. पण वुजूची वाट मोकळी राहिली आणि पाहुणे गेल्यावर अर्ध्या दिवसात दालान जाग्यावर आले.

आपल्याही घरात अशी एखादी जागा असेल. तिथे आधी सामान मोजा, ओले आणि कोरडे वेगळे करा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला तिथून एकदा चालायला सांगा. ते कुठे थबकतात ते पाहा. काम तिथून सुरू करा.

आमच्याकडे आता पहाटे दालनात दिवा असतो. अम्मी स्वतः उठतात, दांडी धरून स्टुलावर बसतात, वुजू करतात. आम्हाला जाग येते ती त्यांच्या बधन्याच्या आवाजाने. अल्हम्दुलिल्लाह, आता त्यांना कोणाची वाट पाहावी लागत नाही.