माशांच्या खाद्याचा डबा आणि अणूची धास्ती

रंगीत मासे पाळण्याचा छंद आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. दिवाणखान्यात काचेची पेटी, तिच्यात गोल्डफिश नाहीतर गप्पी, आणि शेजारी खाद्याचा डबा. अशाच एका डब्यावर 'जपानमध्ये तयार केलेले' असे वाचून एका वाचक भगिनींनी विचारले आहे, "फुकुशिमाच्या अपघातानंतर हे खाद्य घरात ठेवावे का? माशांना दाणे माझा धाकटा मुलगा घालतो आणि तोच हात तोंडात घालतो." प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर नुसत्या धीराच्या शब्दांनी देता येणार नाही; आकडेच पाहावे लागतील.

११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ प्रचंड भूकंप झाला. पाठोपाठ आलेल्या त्सुनामीच्या लाटा फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रात शिरल्या, भट्ट्या थंड ठेवणारी यंत्रणा बंद पडली आणि तीन भट्ट्यांमधील इंधन वितळले. किरणोत्सारी द्रव्ये हवेत आणि समुद्रात गेली. त्यांपैकी अन्नाच्या बाबतीत दोन महत्त्वाची: आयोडीन आणि सीझियम.

किरणोत्सारी आयोडीन गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साठते, म्हणून ते लहान मुलांना अधिक घातक. पण ते दर ८ दिवसांनी निम्मे होते आणि तीन-चार महिन्यांत जवळजवळ नाहीसे होते. सीझियमची गोष्ट वेगळी. शरीर त्याला पोटॅशियमसारखेच वागवते आणि स्नायूंत नेऊन ठेवते. त्याचा एक प्रकार, सीझियम-१३४, २ वर्षांत निम्मा होतो. दुसरा, सीझियम-१३७, निम्मा व्हायला ३० वर्षे घेतो. आज विचार करायचा तो या दुसऱ्याचा. शिजवल्याने किंवा उकळल्याने किरणोत्सर्ग नष्ट होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

भीती निराधार नव्हती. किरणोत्सर्ग बेकरेल या एककात मोजतात. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. जपानने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नासाठी किलोला १०० बेकरेल सीझियमची मर्यादा घातली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रापासून सुमारे २० किलोमीटरवर तपासणीसाठी पकडलेल्या माशांत किलोला २५,८०० बेकरेल सीझियम आढळले. म्हणूनच तेथील मासेमारी थांबवली होती आणि नमुने तपासले जात होते.

आता डब्याकडे वळू. माशांच्या खाद्यात गव्हाचे पीठ, जीवनसत्त्वे वगैरे असतात, पण मुख्य भाग बहुधा मासळीच्या सुक्या भुकटीचा असतो. व्यापारात तिला फिशमील म्हणतात. एक किलो भुकटीला चार-पाच किलो ताजी मासळी लागते. ओले बोंबील वाळवले की पाणी उडते आणि खारटपणा मागे राहतो, तसेच सीझियमचे. ते पाण्याबरोबर उडून जात नाही, भुकटीत दाटते. म्हणूनच जपानने खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या माशांच्या खाद्याला २०१२ मध्ये अन्नापेक्षाही कडक, किलोला ४० बेकरेलची मर्यादा घातली. ते मासे पुढे माणसाच्या ताटात येतात. आपल्या पेटीतला गोल्डफिश कोणी खात नाही. ती साखळी काचेच्या आतच संपते.

हिशेब करून पाहू. १०० ग्रॅमच्या डब्यात ४० च्या मर्यादेइतके सीझियम आहे असे धरले, तरी अख्ख्या डब्यात ४ बेकरेल होतात. मर्यादेच्या दसपट आहे असे धरले तर ४०. उलट, तुमच्या-माझ्यासारख्या प्रौढ माणसाच्या शरीरात अन्नातून आलेल्या नैसर्गिक पोटॅशियमचेच सुमारे ४,००० बेकरेल सतत असतात. मुलाच्या बोटाला लागलेली चिमूटभर पूड यापुढे किती? तेव्हा अणूच्या भीतीने डबा फेकून देण्याचे कारण मला दिसत नाही. माशांनाही एवढ्याशा मात्रेने अपाय होणार नाही.

ऑगस्ट २०२३ पासून फुकुशिमाचे प्रक्रिया केलेले पाणी समुद्रात सोडले जात आहे, त्याचीही अनेकांना धास्ती वाटते. त्या पाण्यात मुख्यतः ट्रिटियम उरते. ते पाण्यासारखेच शरीरात येते आणि पाण्यासारखेच बाहेर पडते. सीझियमसारखे स्नायूंत साठून राहत नाही.

तरीही विचारणे सोडू नये. १९८६ साली चेर्नोबिलला अपघात झाला, तेव्हा लोकांना वेळेवर सांगितले गेले नाही. मुले आयोडीन मिसळलेले दूध पीत राहिली आणि पुढे हजारो मुलांना थायरॉईडचा कर्करोग झाला. आपल्याकडेही त्यानंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्याबद्दल मुंबईत नागरिक न्यायालयात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले, तज्ज्ञांची समिती नेमली गेली आणि लोणी निर्धोक ठरले. प्रश्न विचारला गेला, मोजमाप झाले, मग निर्णय झाला. हीच योग्य रीत.

आता ज्या धोक्यांची कोणी चौकशी करत नाही, त्यांविषयी. मोठ्या पोत्यातले खाद्य साध्या पिशवीत भरून सुटे विकतात; त्यावर ना तारीख, ना देशाचे नाव. पावसाळ्यात त्याला बुरशी धरते. असे खाद्य घेऊ नये. बंद डबा घ्यावा, तारीख पाहावी आणि तो कोरड्या जागी ठेवावा. वाळवलेल्या लाल अळ्यांच्या खाद्याच्या पुडीने काहींना शिंका आणि दमा सुरू होतो. घरात दम्याचा रुग्ण असेल तर ते टाळावे. पेटीतले पाणी काढताना नळी तोंडाने ओढू नये. मुलांनी दाणे घातल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत.

आणि शेवटचे, पण महत्त्वाचे. पेटीच्या पाण्यात क्षयाच्या जंतूचा एक चुलतभाऊ असू शकतो. हाताला जखम असताना पेटी साफ केली तर तो त्वचेत शिरतो आणि दोन-चार आठवड्यांनी बोटावर किंवा हातावर लालसर गाठ येते. ती नेहमीच्या मलमाने बरी होत नाही. औषधे बरेच महिने घ्यावी लागतात. तेव्हा जखम असताना हातमोजे घाला. अशी गाठ आलीच, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, "आमच्या घरी मासे आहेत." तेवढ्या एका वाक्याने निदान लवकर होते.