गुहेतल्या मातीतला नवा जीव

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. मुलाबाळांना घेऊन आपण ती पाहायला जातो, पण पायाखालच्या मातीकडे कोणाचे लक्ष जात नाही. एक ग्रॅम मातीत लाखो जीवाणू असू शकतात आणि त्यांतला एखादा जगाला अजून ठाऊक नसलेलाही निघतो. चीनमधील ग्वांग्शी भागातल्या एका गुहेच्या मातीत असाच जीवाणू मिळाला. १९९९ साली तो 'बॉयटेनबर्गिया कॅव्हर्नी' या नावाने जाहीर झाला. 'कॅव्हर्नी' म्हणजे गुहेचा.

तो नवा हे ठरते कसे? आम्ही कारकुनी करणारी माणसे. कचेरीत नवी फाईल उघडण्याआधी जुनी रजिस्टरे चाळावी लागतात, नाहीतर एकाच माणसाच्या दोन फायली होतात. शास्त्रज्ञांचेही तसेच आहे.

माती निर्जंतुक पाण्यात कालवून काचेच्या बशीतील खाद्यावर पसरतात. जीवाणू वाढले की ठिपके दिसतात. त्यांतला एक ठिपका उचलून वेगळा वाढवतात. मग तो किती उष्णता, किती मीठ सोसतो, काय खातो, हे तपासतात. परंतु दिसायला सारखे म्हणून एकाच घराण्याचे, असे येथे चालत नाही. म्हणून '१६ एस' नावाच्या जनुकाची सुमारे १५०० अक्षरे वाचून ती ज्ञात जीवाणूंशी ताडून पाहतात. जवळच्या नातलगाशीही साम्य सुमारे ९८.७ टक्क्यांहून कमी भरले, तर तो नवा असण्याचा संभव मोठा. साम्य जास्त असेल तर संपूर्ण डीएनएची तुलना करावी लागते.

एवढ्यानेही भागत नाही. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावा लागतो, म्हणजे कोणीही मागवून खरेखोटे करू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात असा संग्रह आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात हैदराबादच्या 'सीसीएमबी' संस्थेच्या शास्त्रज्ञांना मिळालेला जीवाणूही अशाच तपासणीतून गेला. २०१२ साली त्याला 'सेसेम्बिया लोनारेन्सिस' हे नाव मिळाले. लोणारचे नाव आता जगाच्या यादीत आहे.

याचा गरिबाला उपयोग काय, असे कोणी विचारील. पिंपरीच्या सरकारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात डॉ. थिरुमलाचार यांच्या संशोधनातून बुरशीच्या रोगांवरील 'हमायसिन' हे औषध निघाले. तेही मातीतल्याच जीवाणूपासून.

म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २००२ च्या जैवविविधता कायद्यात सूक्ष्म जीवही येतात. आपल्या भागातील अशा जीवापासून कोणी व्यापारी लाभ मिळवला, तर लाभातील वाट्याची तरतूद त्यात आहे. ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. ती काय करते, हे ग्रामसभेत विचारा. दुसरे, लेण्यांतली माती वा भिंत कोणी खरवडू नये. आणि मुलामुलींना सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे असेल, तर 'आपल्याला काय त्याचे' असे म्हणू नका.