घोडे ज्या वाटेनं आले

आळंदला पोचलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. लाडले मशायखांच्या दर्ग्याबाहेर आठ गाड्या ओळीनं स्टँडवर लावल्या आणि चहा सांगितला. गाड्यांवर करकचून बांधलेल्या पिशव्या पाहून चहावाल्यानं विचारलं, "कुठं जायलाव एवढे जण?" आमच्यातला एक म्हणाला, "समुद्राला." चहावाला हसला. कलबुर्गी जिल्ह्यातल्या या कोरड्या गावातून समुद्राला जायचं म्हणजे तुरीच्या रानात होडी हाकण्यासारखंच.

मला मात्र अफानासी निकितिन आठवत होता. रशियातल्या त्वेर गावचा हा व्यापारी १४६९ च्या सुमारास बहामनी राज्यात आला. त्यानं लिहून ठेवलं आहे की आळंदला शेख अलाउद्दीनच्या कबरीपाशी वर्षातून एकदा दहा दिवसांचा बाजार भरतो आणि तिथं वीस हजार घोडे विकायला येतात. लाडले मशायख म्हणजेच हे अलाउद्दीन. परक्या प्रवाशाचा आकडा म्हणून निम्मा धरला तरी दहा हजार घोडे झाले. त्यांच्यापुढे आमच्या आठ गाड्या म्हणजे काहीच नाही. पण निकितिनचा आणि आमचा रस्ता एकच होता. तो समुद्राकडून वर आला होता, आम्ही वरून समुद्राकडे निघालो होतो, एवढाच फरक.

सीमाभागातल्या मराठी पोरांच्या कोकण-सफरींबद्दल लिहायचं तर सुरुवात घोड्यांपासूनच करावी लागते. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद इथून दसरा झाला की टोळ्या निघतात. लडाखला जाणारे वेगळे. त्यांचे फोटो मोठे होतात, चर्चाही होते. कोकणात जाणाऱ्यांना चार-सहा दिवसांची रजा आणि बेताचा खर्च पुरतो, म्हणून त्यांची संख्या जास्त आणि बोलबाला कमी.

दोन समुद्रांच्या मधे

दख्खनमध्ये लढाईचा चांगला घोडा तयार होत नसे. निकितिननंही नोंदवलंय की या मुलखात घोडे पैदा होत नाहीत, बैल आणि म्हशी होतात. त्यामुळे बहामनी सुलतान असोत की विजयनगरचे राय, दोघांचंही घोडदळ अरबस्तान आणि इराणहून येणाऱ्या जहाजांवर अवलंबून होतं. होर्मुझला चढलेला घोडा चौल किंवा दाभोळला उतरायचा आणि घाट चढून वर यायचा. निकितिननं स्वतः एक घोडा आणला होता. चौलला उतरून पालीमार्गे तो जुन्नरला पोचला आणि तिथल्या असदखानानं घोडाच काढून घेतला. मुसलमान हो, तर घोडा परत देतो, अशी अट घातली. एका खुरासानी माणसाच्या मध्यस्थीनं घोडा सुटला, पावसाळा जुन्नरात काढून तो बीदरला पोचला आणि तिथं त्यानं तो विकला. इथं घोड्यांना कडधान्यं आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात, असंही तो लिहितो. पेट्रोल पंपावर टाकी फुल करताना आम्ही त्याला खिचडीच म्हणतो.

घरी आम्हांला भूगोल उलटा शिकवला गेला. समुद्र मुंबईला, समुद्र गोव्याला, म्हणजे 'त्यांचा'. नकाशा नीट पाहिला की कळतं, पुण्याहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग ६५ सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, हैदराबाद करत थेट मछलीपट्टणमला जातो. म्हणजे हुमनाबादच्या चौकात उभं राहिलं की उजव्या-डाव्या हाताला एकेक समुद्र. बीदरहून मछलीपट्टणम आणि दाभोळ, दोन्ही पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि पूर्वेकडे घाटही नाही. तरी आमच्या गाड्या पश्चिमेलाच वळतात. कारण विचारलं तर कोणी म्हणतो सूर्यास्त, कोणी म्हणतो सुरमई. खरं कारण रात्री मुक्कामाला दार ठोठावताना समजतं. तिथं आपल्या भाषेत जेवण सांगता येतं.

राजदूतपासून हिमालयनपर्यंत

बीदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांत मोटारसायकल आधी कामाची, मग मिरवण्याची आणि सगळ्यात शेवटी फिरण्याची झाली. राजदूत दूधवाल्यांची. दोन्हीकडं कॅन, मधे तो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली जावा आणि पुढं येझदी १९९६ पर्यंत निघत होती. ती शेतकऱ्याच्या थोरल्या पोराची. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली, पण आमच्याकडं ती फौजदाराची किंवा पाटलाची. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असे. सुरू करायची तर आधी अँपिअर मीटरचा काटा मधे आणायचा, डिकंप्रेसर दाबायचा आणि मग अंगातलं सगळं वजन किकवर टाकायचं. काटा चुकला की किक उलटी यायची आणि पोटरी आठवडाभर ठणकायची.

१९८५ साल आमच्याकडच्या रस्त्यांना लक्षात राहिलंय. त्या वर्षी हिरो होंडाची सीडी १०० आली आणि यामाहाची आरएक्स १०० सुद्धा. पहिली मास्तरांनी घेतली, दुसरी त्यांच्या विद्यार्थ्यांनी. २००१ च्या पल्सरनं तालुक्याच्या पोराला लांब पल्ल्याची चटक लावली. २००९ च्या क्लासिकनं बुलेटला पुन्हा तारुण्य दिलं. २०१६ ला हिमालयन आली आणि मुरमाच्या रस्त्याचं भय गेलं. आमच्या आठ गाड्यांत यांतली निम्मी पिढी होती. सगळ्यांत जुनी आरएक्स, सगळ्यांत जास्त आवाज तिचा आणि सगळ्यांत कमी तक्रारही तिचीच.

टोळीचे नियम लिहिलेले नसतात, पण मोडले की कळतात. पुढं रस्ता माहीत असणारा, मागं मेकॅनिकी कळणारा, सगळ्यांत हळू गाडी दुसऱ्या नंबरावर. सरळ रेषेत न चालता एक डाव्या अंगाला, एक उजव्या, म्हणजे ब्रेक लागला तर निसटायला जागा राहते. वळणावर मागचा दिसेपर्यंत पुढच्यानं थांबायचं. वर्गणी एकाकडं, हिशेब दुसऱ्याकडं. अंधार पडला की गाडी नाही. पिशवीत पंक्चर किट, क्लच वायर, प्लग, आणि बायको किंवा आईनं बांधून दिलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या. पापडासारख्या वाळलेल्या या भाकऱ्या आठवडाभर टिकतात आणि शेंगांच्या चटणीबरोबर कुठंही जेवण होतं. कोकणात तिसऱ्या दिवशी भाताला कंटाळलेली मंडळी याच पिशवीभोवती गोळा होतात.

घाट उतरताना

खाली जायच्या वाटा अनेक आहेत. बीदरकडचे लोक सोलापूर, पंढरपूर, कराड करून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरतात. कलबुर्गीकडच्यांना विजापूर गाठून गुहागर-विजापूर रस्ता धरता येतो. जत, कराड, पाटण, कोयनेचं खोरं आणि मग तोच कुंभार्ली. रत्नागिरीला जायचं तर सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट. मालवणला गगनबावड्याहून. ज्याच्या गाडीला ब्रेकचा भरवसा नाही, त्यानं फोंडा घाट बरा.

पठारावर गाडी चालवणाऱ्याला घाट नवा असतो. आमच्याकडं रस्ता नजर जाईल तिथवर दिसतो. घाटात पुढचं वळण दिसत नाही, आणि उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली तर तो तापून बसतो. आमच्यातल्या एकानं पहिल्याच फेरीत हे केलं. वास आला, लिव्हर हातात मऊ झालं, आणि त्यानं गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. गुडघा फुटला, बाकी वाचला. तेव्हापासून नियमात भर पडली. चढताना जो गिअर, उतरताना तोच.

घाट उतरलं की काळी माती संपते आणि जांभा सुरू होतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी गाडी थांबवून बांधावरचा चिरा हातात घेतला होता. हा दगड मला पाठ होता. बीदर शहर जांभ्याच्याच पठारावर बसलंय. किल्ल्याचा तिहेरी खंदक याच दगडात कोरलेला आहे, शहराजवळच्या नौबादची करेज म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारं भुयार याच दगडातून खोदलंय, जुन्या घरांच्या भिंतींतही हाच. मधे चारशे किलोमीटर काळीभोर रानं, आणि दोन टोकांना एकच सच्छिद्र, गंजल्या लोखंडाच्या रंगाचा दगड. भूगर्भशास्त्र याला लॅटेराइट म्हणतं. आमच्यातला कोणीतरी त्या दिवशी म्हणाला, "लाल मातीवर घसरायची सवय हाय आपल्याला." खरंच होतं ते. जांभ्याचा बारीक चुरा रस्त्याच्या कडेला साचतो, त्यावर पुढचा ब्रेक दाबला की गाडी खालून निघून जाते. हे कोकणी माणसाला आणि बीदरकराला सांगावं लागत नाही.

सात-आठ खाड्या

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग अंतुले मुख्यमंत्री असतानाची कल्पना. चाळीस वर्षं होऊन गेली तरी तो सलग झालेला नाही, आणि खरं सांगायचं तर दुचाकीवाल्यांना त्याचीच मजा आहे. मुंबई-गोवा महामार्ग आतून जातो, त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं, ट्रकची गर्दी अखंड. किनाऱ्याचा रस्ता मात्र दर पन्नास-साठ किलोमीटरवर एखाद्या खाडीशी येऊन थांबतो. पलीकडं जायचं तर फेरीबोट. आगरदांड्याहून दिघी, बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. बोटीत गाडी चढवताना जेट्टीच्या ओल्या उतारावर पाय टेकायला जागा नसते. बुलेटवाल्यांचे चेहरे तिथं पाहावेत.

चौल-रेवदंड्याला निकितिनचं स्मारक आहे. रशियन आणि भारतीय कलाकारांनी मिळून १९५७ मध्ये त्याच्यावर 'परदेसी' हा चित्रपटही केला होता. पुढं मुरूडला जंजिरा पाण्यात उभा. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, खाडीपलीकडं वेळास, जिथं फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं समुद्राकडं सोडतात. मग केळशी, आंजर्ले आणि हर्णैचा संध्याकाळचा मासळी लिलाव. आमच्या भुसार बाजारात तुरीचा लिलाव पाहिलेल्यांना इथली बोली समजायला दोन मिनिटंही लागत नाहीत. गणपतीपुळ्याच्या पुढं आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कडेनं जातो आणि उजव्या हाताला सगळा समुद्र उघडा पडतो. तिथं थांबल्याशिवाय पुढं गेलेली टोळी मी पाहिलेली नाही.

पण दाभोळची जेट्टी आमची खास. महमूद गावान हा इराणच्या गिलानमधला व्यापारी १४५३ च्या सुमारास इथंच उतरला आणि तिथून बीदरला गेला. पुढं तो बहामनींचा वजीर झाला, १४७२ मध्ये त्याच्या फौजांनी गोवा घेतला आणि त्याच साली बीदरमध्ये त्याचा मदरसा पुरा झाला. शाळेच्या सहलीत त्या मदरशाच्या निळ्या-हिरव्या फरशा मोजत मोठे झालेले आम्ही, इथं खाडीच्या तोंडाशी उभे राहतो तेव्हा गावाचं नाव ओळखीचं वाटायला लागतं. १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज आल्मेडानं हे बंदर जाळलं. निकितिननंही परतीचं जहाज इथूनच धरलं. स्मोलेन्स्कजवळ त्याला मरण आलं, घर काही दिसलं नाही.

याच जेट्टीवर दरवेळी एक प्रसंग घडतो. नंबरप्लेटवर केए-३८, केए-३९, केए-३२ पाहून तिकीटवाला हिंदीत विचारतो, "किधर से?" आम्ही म्हणतो, "बीदरहून. आठ गाड्या, आठ माणसं." तो मान वर करतो. "कर्नाटकात मराठी?" मग कोणीतरी सांगायला लागतो. १ नोव्हेंबर १९५६ ला जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात, जहिराबादकडचा भाग आंध्रात, बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसुरात. आमच्या टोळीतला एक शाळा कन्नडमधून शिकला, एक दुकानात दिवसभर दखनी बोलतो, एकाची मावशी उदगीरला म्हणजे 'परराज्यात'. बोट सुटेपर्यंत सांगणं पुरं होत नाही. खाडी ओलांडायला लागतात दहा-पंधरा मिनिटं. गेल्या खेपेला तिकीटवाल्यानं एवढंच म्हटलं, "म्हणजे तुम्ही आमच्याच वाटेवरचे." इतिहास त्याला माहीत असेल-नसेल, पण त्याचं वाक्य चुकीचं नव्हतं.

खाड्यांवर आता नवे पूल होऊ घातलेत. वेळ वाचेल, गावं जोडली जातील. रहिवाशांसाठी ते हवंच, रात्री दवाखाना गाठायचा असतो त्यांना. आम्हां फिरस्त्यांनी त्याबद्दल उसासे टाकू नयेत. उलट आमचीच बाजू सुधारायला हवी. वाळूत गाडी घालून रेती उडवणं, सायलेन्सर बदलून रात्री गाव जागं करणं, भरतीची वेळ न विचारता पाण्यात शिरणं, हे पठारावरून येणाऱ्या टोळ्यांनी फार केलंय. पोहता येत नसलेल्या माणसाला लाटेची ओढ दिसत नाही. आमचा नियम गुडघ्यापर्यंत, आणि किनाऱ्यावरच्या माणसानं नको म्हटलं की नाही.

परत आल्यावर गाडी आधी धुवावी लागते, नाहीतर खाऱ्या हवेनं स्पोक आणि चेन आठवड्यात गंजतात. नेहमीच्या मेकॅनिकनं माझ्या मडगार्डखालची वाळलेली लाल माती स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडली, चिमटीत चोळली आणि माझ्याकडं संशयानं पाहिलं.

"कोकणात जाऊन आलाव म्हणालाव?"

"हो."

"ही तर नौबादची माती हाय."

मी काही बोललो नाही. पैसे दिले आणि गाडी घेऊन नौबादच्याच रस्त्यानं घरी आलो.