पाखरांच्या रोगाचा माग
गोंदिया हा तलावांचा जिल्हा. हिवाळ्यांत नवेगावबांधच्या जलाशयावर दूरदेशींचीं बदकें उतरतात आणि तलावांकाठच्या खेड्यांत कोंबड्या मोकळ्या चरतात. रानबदक बर्ड फ्लूचा विषाणू बाळगूनहि पुष्कळदां निरोगी दिसतें. कोंबडी मात्र एच५एन१ या घातक जातीनें एकदोन दिवसांत मरूं शकते. परंतु राणीखेत रोगानेंहि कोंबड्या अशाच मरतात. तेव्हां निर्णय प्रयोगशाळेनेंच द्यावयाचा. सन २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें उद्भवलेली भारतांतील पहिली साथ भोपाळच्या प्रयोगशाळेनें निश्चित केली.

जुनी रीत म्हणजे पक्ष्याच्या घशांतून घेतलेला नमुना पिलूं वाढत असलेल्या अंड्यांत टोचून विषाणू वाढविणें. तिला कित्येक दिवस लागतात. पीसीआर या नव्या रीतींत विषाणूच्या आरएनएवरून प्रथम डीएनएची प्रत तयार करतात. पुढें यंत्रांत तापवीत व निववीत तिच्या प्रती दुप्पट होत जातात. अशा ३० फेऱ्यांत एकीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होऊं शकतात. म्हणून लेशमात्र विषाणूहि कांहीं तासांत उघडकीस येतो. तथापि ही कसोटी मृत विषाणूचे अवशेषहि दाखविते. तो जिवंत आहे कीं नाहीं, हें ठरविण्यास अंड्याचीच रीत उपयोगीं पडते.

रोग ठरला कीं आसपासच्या निरोगी कोंबड्याहि माराव्या लागतात. म्हणून निदान चुकतां कामा नये आणि त्यास विलंबहि होतां कामा नये. मेलेल्या पाखरास हात न लावतां पशुवैद्यकीय दवाखान्यास त्वरित कळविणें, ही या शोधाची पहिली पायरी होय.