धौ आणि धावडा

सह्याद्रीच्या पानझडी वनांतील धावडा मराठी वाचकांस डिंकाच्या लाडवांमुळे परिचित आहे. गुरुग्रामलगतच्या अरवली टेकड्यांवर त्याचाच जवळचा भाऊबंद धौ उगवतो. वनस्पतिशास्त्रज्ञ आता दोघांनाही ऐन-अर्जुनाच्या प्रजातीत घालतात. दोघांची साल फिकट, फुलांचे गेंद वाटोळे. मात्र धावड्याचे पान बोटभर लांब, तर धौचे त्याहून पुष्कळच लहान असून त्याच्या फांद्या खाली लवलेल्या असतात. शेळ्यांनी वारंवार खुडलेला धौ मरत नाही, जमिनीसरपट पसरतो. बी मात्र फारच थोडे रुजते. त्यामुळे एकदा उखडलेले धौवन सहजी परतत नाही. शेजारच्या मांगर गावी ते देवराई म्हणून टिकले. गुरुग्रामातील जुन्या खाणींच्या जागेवर मात्र २०१० नंतर धौ पुन्हा लावावा लागला.