ब्रेकचा दिवा काय सांगतो?

आपल्या सभासद कुटुंबांपैकी पुष्कळांच्या दारात आज मोटार उभी असते. ती बेळगावात शाळा, बाजार व दवाखाना एवढ्यापुरती फिरते, तोवर तिच्या ब्रेकविषयी कोणी फारसा विचार करीत नाही. परंतु सुट्टीत तीच गाडी जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यास, किंवा आंबोली उतरून सावंतवाडीस जाते, तेव्हा आत बसलेल्या मुलामाणसांचा जीव ब्रेकवर अवलंबून असतो. अशा वेळी समोर ब्रेकचा दिवा पेटला तर त्याचा अर्थ काय, घरच्या घरी तपासण्यासारखे त्यात किती आहे, आणि कोठे आपण हात आवरावा, एवढेच या लेखात सांगण्याचा आमचा हेतू आहे.

हल्ली गाडीतील बिघाडाचे सांकेतिक आकडे, म्हणजे कोड, वाचणारे स्कॅनर नावाचे छोटे यंत्र बाजारात सहज मिळते. ते हाती आले की यंत्रच सर्व काही सांगेल असे अनेकांस वाटते. हा समज अर्धाच खरा आहे. आणि ब्रेकच्या बाबतीत अर्धे ज्ञान महागात पडते.

प्रथम दिव्यांची ओळख करून घेऊ. दिवे मुख्यत: दोन. एक लाल, वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला. दुसरा पिवळा, त्यावर एबीएस ही अक्षरे असतात. किल्ली फिरविताच दोन्ही क्षणभर पेटून विझले पाहिजेत. ती त्यांची हजेरीच होय. जो दिवा हजेरीच देत नाही, त्याच्यावर पुढे विश्वास ठेवता येत नाही.

लाल दिव्याचा संबंध मूळ ब्रेकशी असतो. शाळेत शिकलेला पास्कलचा नियम वाचकांस आठवत असेल: कोंडलेल्या द्रवावर दाब दिला की तो सर्व दिशांना सारखाच पोचतो. आपण पेडल दाबतो तो दाब ब्रेक ऑइलमार्फत चारही चाकांपर्यंत जातो. द्रव कमी झाला, नळीत हवा शिरली किंवा गळती झाली, की हा नियम आपल्या कामी येत नाही. म्हणून ऑइलची पातळी खाली गेली की लाल दिवा पेटतो. हँडब्रेक ओढलेला राहिला तरी तोच पेटतो. यास्तव पहिली तपासणी हँडब्रेकची.

हँडब्रेक सोडूनही दिवा राहिला तर सपाट जागी गाडी उभी करून बॉनेट उघडावे व ब्रेक ऑइलच्या डबीवरील कमाल-किमान अशा दोन रेघा पाहाव्यात. पातळी खालच्या रेघेखाली असेल तर नुसते ऑइल ओतून मोकळे होऊ नये. ब्रेकपॅड झिजत जातात तसे आतील पिस्टन पुढे सरकतात आणि मागे झालेली जागा ऑइल भरून काढते. त्यामुळे पातळी हळूहळू उतरणे हे पुष्कळदा पॅड झिजल्याचे लक्षण असते. पातळी एकाएकी उतरली असेल तर गळती समजावी. चाकांच्या आतल्या अंगाला ओल आहे का, गाडीखाली डाग आहेत का, हे पाहावे. यांपैकी एकही गोष्ट सांगण्यास स्कॅनर लागत नाही, डोळे लागतात.

ऑइलविषयी आणखी एक सूचना. हा द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. डॉट ४ प्रकारचे ताजे ऑइल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही. परंतु त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक तापले की असे जुने ऑइल उकळते, नळीत वाफ होते, आणि पेडल तळाला जाते. याची सूचना कोणताही दिवा देत नाही व कोणताही कोड दाखवीत नाही. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीस ते बदलावे, आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा.

आता पिवळा दिवा. जोरात ब्रेक लावला असता चाक जागच्या जागी जखडून गाडी घसरू नये, म्हणून एबीएसची योजना असते. बॉशने ही इलेक्ट्रॉनिक पद्धत १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम बाजारात आणली. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. तो चाकाचा वेग मोजून एका नियंत्रक पेटीस कळवितो. एखाद्या सेन्सरकडून बातमी येईनाशी झाली की पेटी एबीएस बंद करते, पिवळा दिवा लावते आणि कोड लिहून ठेवते. साधा ब्रेक मात्र चालू राहतो. परंतु पिवळा आणि लाल असे दोन्ही दिवे एकदम पेटले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. तेव्हा गाडी पुढे नेऊ नये.

येथे स्कॅनर उपयोगी पडतो. चालकाच्या बाजूस, स्टिअरिंगच्या खाली, सोळा पिनांचा एक सॉकेट असतो. गाडी उभी असताना त्यात यंत्र जोडून किल्ली फिरवावी. कोडच्या पहिल्या अक्षरावरून घर कळते: पी म्हणजे इंजिन व गिअर, सी म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग इत्यादी, बी म्हणजे बॉडी, आणि यू म्हणजे पेट्यांमधील परस्पर संपर्क. पुष्कळ स्वस्त यंत्रे फक्त पी कोड वाचतात. अशा यंत्राने ‘बिघाड नाही’ असे सांगितले तर त्याचा अर्थ ब्रेक ठीक आहे असा नव्हे. त्याने तिकडे पाहिलेच नाही, एवढाच. म्हणून घेतानाच हे यंत्र आपल्या गाडीचे एबीएस वाचते का, याची खात्री करून घ्यावी.

समजा, सी००३५ हा कोड आला. तो पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरच्या मार्गाविषयी आहे. डावे म्हणजे चालकाच्या जागी बसलेल्याचे डावे. गाडीसमोर तोंड करून उभा राहणारा येथे हमखास फसतो. आणि कोडमध्ये ‘सेन्सर बदला’ असे कोठेही लिहिलेले नसते. उंदराने कुरतडलेली वायर, जोडात शिरलेले पाणी, दात्यांच्या कड्यावर बसलेला चिखल, यांपैकी कशानेही तोच कोड येतो. आधी जोड उघडून कोरडा करावा, वायर पाहावी, बॅटरीचा दाब मोजावा. इंजिन बंद असताना तो सुमारे साडेबारा व्होल्ट असावा. नंतर मोकळ्या मैदानात एकाने गाडी हळू चालवावी व शेजारी बसलेल्याने स्कॅनरवर चारही चाकांचे वेग पाहावे. तीन चाके वीस दाखवीत असता चौथे शून्य दाखवील, तर दोष त्याच मार्गात आहे. चालकाने स्वत: यंत्राकडे पाहू नये, हे सांगणे नलगे.

स्कॅनरवर कोड पुसण्याची सोय असते. तिचा मोह टाळावा. वर्गात हजेरीपट खोडला म्हणून गैरहजर मुलगा बाकावर येऊन बसत नाही. कोड आधी वहीत उतरून ठेवावा, दोष काढावा, मगच पुसावा. आणि तो परत आला तर दोष गेला नाही असे समजावे. दिवा पुसून गाडी विकणे ही तर उघड फसवणूक होय.

थोडक्यात, हँडब्रेक, ऑइलची पातळी, ओल, वायरींचे जोड व कोड वाचणे एवढे घरी करावे. ब्रेक उघडणे, नळीतील हवा काढणे, नियंत्रक पेटीस हात लावणे ही कामे जाणकाराची. पेडल मऊ लागले, तळाला गेले किंवा लाल दिवा कायम राहिला, तर गाडी ओढूनच गॅरेजात न्यावी. त्याचा खर्च होतो, पण तो पुढच्या अनर्थापुढे काहीच नाही.

आपल्या गाडीत बसणारा प्रत्येक माणूस ही आपल्याकडे सोपविलेली अमानत असते. दुसऱ्याचे धन विश्वस्त म्हणून सांभाळण्याची सवय या संस्थेच्या सभासदांस आहेच; तोच जागरूकपणा त्यांनी गाडीतल्या त्या छोट्या दिव्याच्या बाबतीतही दाखवावा, एवढीच आमची विनंती आहे.