कुडावरचा चौक

वारली चित्र आज आपल्याला कुठेही भेटतं. साडीवर, उशीच्या अभ्र्यावर, हॉटेलाच्या भिंतीवर. तारपा वाजवणारा एक जण आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं. पण हे चित्र शोभेसाठी जन्मलेलं नाही. ते एका घराचा भाग म्हणून जन्मलं, आणि त्या घराविषयी मला थोडं बोलायचं आहे.

डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा हा वारल्यांचा मुलूख. पूर्वी तो ठाणे जिल्ह्यात होता, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथलं जुनं घर कारवीचं. डोंगरउतारावरची ही कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. तिच्या काठ्या ओळीनं उभ्या बांधायच्या, त्यावर शेणमाती लिंपायची, की झाला कूड. आपण देहाला कुडी म्हणतो. व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी, माझ्या कानाला मात्र हे दोन्ही शब्द सख्खे वाटतात. कूडही देहासारखाच. त्याच्या फटींतून वारा आत येतो, उन्हाळ्यात त्याला भेगा पडतात, त्याच्यावरून वरचेवर मायेचा हात फिरवावा लागतो.

आत उजेड कमी. चूल, भाताची कणगी, बहुधा गुरंही त्याच छपराखाली. कणगीतलं धान्य ही नुसती बेगमी नव्हे, ती कणसरी देवी. हिरवा हा घरदेव, त्याची खूण म्हणजे मोरपिसांचा जुडगा. देवासाठी वेगळं देऊळ बांधण्याची निकड अशा घराला भासू नये, यात नवल ते काय!

लग्न ठरलं की आतल्या भिंतीवर गेरू चढतो. सुवासिनी तांदूळ वाटून त्याचं पांढरं करतात, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करतात आणि चौक काढतात. नक्षीदार काठांच्या या चौकोनात मधोमध पालघट देवी. पालवीनं भरलेला घट, असा तिच्या नावाचा अर्थ लावतात. भोवती सूर्य, चंद्र, झाडं, फणी, शिडी, घोड्यावरचे नवरा-नवरी. शेजारी लहान देवचौक, त्यात पंचशिऱ्या. याला डोकं नाही, डोक्याच्या जागी पाच कोंब फुटलेले! मरणातून धान्य उगवतं हे सांगायला आम्हा कवींना पानंच्या पानं लागतात.

चौकाशिवाय लग्न लागत नाही, आणि लग्न लावणारी धवलेरीही स्त्रीच. म्हणजे चौक हे लग्नाचं चित्र नव्हे. लग्न लागण्यासाठी देवीला घरात दिलेली ती जागा आहे. मी बिनचित्रांच्या भिंतींत वाढलेला मुसलमान. चित्राचा खप आणि चित्राचा मान यांतला फरक मला या कुडाशी उभं राहून जसा कळला, तसा कलादालनात कळला नव्हता.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी हस्तकलेच्या सरकारी कामासाठी या पाड्यांवर गेले आणि चित्र कागदावर आलं. गंजाडजवळच्या जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर पोचवलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांची रेघ अस्सल होती, याबद्दल दुमत नाही. पण चित्र कागदावर आलं तसा कुंचला मुख्यतः पुरुषांच्या हाती गेला, आणि पैसा व नावही तिकडेच गेलं. बायकांचा हक्क उरला तो घरातल्या भिंतीपुरता.

आता ती भिंतही बदलते आहे. घरकुल योजनांतून विटा-सिमेंटची घरं उभी राहिली. ती नकोत असं मी म्हणणार नाही. आषाढातलं गळकं छप्पर दुरून फार सुंदर दिसतं, खाली झोपावं लागलं की कळतं. सिमेंटवरही गेरू लावून चौक काढता येतोच. मला काळजी वाटते ती उशीवर छापल्या जाणाऱ्या पालघटची. तिथे ना लग्न असतं, ना धवलेरीचं गाणं, ना कुणाच्या नखांत अडकलेलं तांदळाचं पीठ.

कुडावरचा चौक जपून ठेवायचा नसतो. लग्नानंतर त्यावर चुलीचा धूर बसतो, पावसाची ओल चढते, आणि पुढच्या लिंपणात तो शेणमातीखाली जातो. घरात पुन्हा कार्य निघालं की सुवासिनी नव्यानं तांदूळ भिजत घालतात.